शेवटच्या पानावरची माफी

परवा टोरांटोहून ईशाने फोनवर दोन बातम्या दिल्या. एक, तिने कुमारवयीन मुलांसाठी तीनशे पानांची कादंबरी लिहिली आहे. दोन, तिला एजंट मिळत नाही. पहिली बातमी तिने सर्दी झाल्यासारखी सांगितली आणि दुसरी न्यूमोनिया झाल्यासारखी.

मी म्हटलं, "अगं, मी एकदा लंडनची एजंट मिळवली होती. मुलांच्याच पुस्तकासाठी."

मागून नीलचा आवाज आला, "आजी, उज्जैनमध्ये बसून? इंटरनेट नसताना?"

त्याच्या स्वरात जो अविश्वास होता, त्याला उत्तर म्हणून हा लेख. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक दरवर्षी माझ्याकडे "काहीतरी अनुभवाचं" मागतात आणि मी दरवर्षी त्यांना फराळाची कृती देते. यंदा त्यांची चकलीतून सुटका. अंक आता नेटवरही टाकतात, तेव्हा तुम्हा दोघांना न वाचायला सबब उरलेली नाही. शब्द अडले तर आईला विचारा. मात्र या हकिकतीत तीही आहे, त्यामुळे काही शब्दांचे अर्थ ती सोयीने सांगेल. सावध असा.

तुमच्या आजीचा धंदा काय होता, हे तुम्हाला धड माहीत नाही. फ्रीगंजमध्ये, टावर चौकापासून दोन गल्ल्या सोडून, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी सव्वीस वर्षं इंग्रजी टायपिंग आणि पत्रलेखन करत होते. टायपिंग हा अर्धा भाग. लोक येत, आपलं म्हणणं हिंदीत, मराठीत नाहीतर माळवीत सांगत, आणि मी ते इंग्रजीत 'नीट' करून देत असे. माणूस म्हणे, "उस हरामखोर को लिखो कि फ्रिज वापस ले जाए." मी लिहीत असे, की आपल्या प्रतिष्ठित कंपनीच्या शीतकपाटाबाबत मला काहीशी निराशा झाली आहे. फ्रिज बदलून मिळे. गिऱ्हाईक म्हणे, "मैडम की अंग्रेज़ी में बड़ी तमीज़ है." मला त्या तमीजचा फार अभिमान होता. हे वाक्य लक्षात ठेवलं नाही तरी चालेल, मी पुढे त्याची किंमत सांगणारच आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला देशाची दारं उघडली असं वर्तमानपत्रं म्हणत होती. आमच्या गल्लीत ती माझ्या खोलीत उघडली. ज्याला त्याला परदेशी पत्र पाठवायचं होतं. साबणाच्या दुकानदाराला जपानी कंपनीची संपूर्ण माळव्याची एजन्सी हवी होती, कसली ते कंपनीने ठरवावं. एका निवृत्त गार्डसाहेबांना आपलं एकशे दहा पानांचं पशुपक्ष्यांचं काव्य अमेरिकेतल्या मुलांपर्यंत पोचवायचं होतं. त्यात सिंहसुद्धा एकादशी करत होता.

अशा दिवसांत कुंदा पागनीस आली. वय अडतीस, भैरवगढच्या सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका. घराणं शिंदेशाहीच्या वेळेपासून इथलं, त्यामुळे मराठी अशी, की पुण्याच्या माणसाने कान झाकावेत. सायकलवरून यायची आणि घंटी दारात आल्यावरही वाजवत राहायची. तिने माझ्या टेबलावर सहा शाळकरी वह्या आपटल्या.

"लेलेबाई, ही कादंबरी आहे. पोरापोरींसाठी. बारा ते सोळा. इंग्रजीत करून द्या आणि तिकडे पाठवा."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"जिथे उद्धट मुली चालतात तिथे."

मग कळलं. वह्या आधी पुण्या-मुंबईच्या तीन प्रकाशकांकडे जाऊन आल्या होत्या. तिघांनी शैलीची स्तुती केली होती आणि तिघांनी एकच लिहिलं होतं: नायिका वडिलांना उलट बोलते, शेवटी पश्चात्तापही करत नाही, शेवट बदलल्यास विचार करू.

"मग बदलला का नाहीस?"

"का बदलू? माझी पोरगी आहे ती. मी तिला उगीच नाक घासायला लावणार नाही." तिने ओढणीने घाम पुसला. "माझ्या वर्गात दरवर्षी पाचवीनंतर आठ-दहा पोरी गायब होतात. कापड धुवायला बसतात. त्यांच्या हातात एक तरी पुस्तक असं पडलं पाहिजे की नाही, ज्यात पोरगी बरोबर आहे?"

वह्यांत गुड्डी नावाची चौदा वर्षांची मुलगी होती. भैरवगढच्या छपाईवाल्याची लेक. लाकडी ठप्प्यांनी कापडावर नक्षी छापतात, ते घर. ठप्पे कोरायचे पुरुषांनी, नदीवर कापड धुवायचं बायकांनी. गुड्डीला कोरायचं असतं. ती बापाच्या जुन्या ठप्प्याच्या पाठीवर चोरून स्वतःची नक्षी कोरते. बापाला सापडतं, तो ठप्पा चुलीत घालतो. ती म्हणते, "लाकूड तुमचं होतं, हात माझा आहे," आणि मावशीकडे देवासला निघून जाते. मी तीन प्रकरणं उभ्या उभ्या वाचली. खिचडी करपली. तुमच्या आजोबांनी ती तशीच खाल्ली. बँकेत आयुष्य गेलेला माणूस करपलेलंही मुकाट स्वीकारतो.

परदेशी प्रकाशकांना मी पाच पत्रं टाकली. उत्तरं आली ती छापील: आम्ही फक्त एजंटामार्फत आलेली हस्तलिखितं पाहतो.

"एजंट?" कुंदा म्हणाली. "आमच्या गल्लीत विम्याचे चार आहेत, अल्पबचतीचा एक. पुस्तकाचाही असतो?"

असतो. नील, तुझ्यासाठी सांगते. साहित्याचा एजंट म्हणजे लेखक आणि प्रकाशक यांच्यामधला माणूस. कुठल्या प्रकाशकाला काय आवडतं हे तो जाणतो, हस्तलिखित योग्य टेबलावर ठेवतो, करारातली मेख वाचतो, आणि पुस्तक विकलं गेलं तरच आपला वाटा घेतो. आधी काही घेत नाही. वाचण्याचेच पैसे मागेल तो एजंट नव्हे. दिल्लीच्या एका गृहस्थांनी आम्हाला 'वाचनशुल्क' मागितलं होतं. कुंदा म्हणाली, "मी चाळीस पोरांच्या वह्या फुकट वाचते, याला माझी एक वाचायला पैसे पाहिजेत?" प्रश्न तिथेच मिटला. आणि मुलांच्या पुस्तकांचे एजंट वेगळे असतात. मोठ्यांच्या कादंबऱ्या विकणाऱ्याकडे बालकादंबरी पाठवणं म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे चष्म्याचा नंबर मागणं.

हे सगळं मला कळलं भोपाळच्या एका वाचनालयात. तिथे लंडनहून निघणारी एक जाड मार्गदर्शिका होती. एका दिवसाचा पास काढून मी मुलांची पुस्तकं पाहणाऱ्या अकरा एजंटांचे पत्ते आणि अटी हाताने उतरवल्या. प्रत्येकाची अट वेगळी. एकाला तीन प्रकरणं हवीत, एकाला तीस पानं, एकाला फक्त पत्र. सगळ्यांना गोषवारा हवा, आणि गोषवाऱ्यात शेवट सांगितलेला हवा. मी तो सुरुवातीला सांगितला नव्हता. 'पुढे काय झाले हे वाचकाने स्वतःच अनुभवावे' असं लिहिलं होतं. चौघांनी मला तो अनुभव परत पाठवला.

पण तो माझा लहान गाढवपणा. त्याहून मोठा असा, की पहिल्या पत्रांना मी रीतसर सहपत्रं जोडली होती: कुंदाच्या बी.ए.च्या गुणपत्रिकेची राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेली प्रत, आणि तिच्या मुख्याध्यापकांचं चारित्र्य प्रमाणपत्र. आपल्याकडे त्याशिवाय पाण्याचा नळही मिळत नाही, मग एजंट कसा मिळेल? लंडनच्या एका बाईंनी चारित्र्य प्रमाणपत्र नीट घडी करून परत पाठवलं आणि खाली हाताने लिहिलं, की लेखिकेचं चारित्र्य चांगलं असल्याचा आनंद आहे, मात्र त्यांच्या अनुभवात ते लेखनाला फारसं आवश्यक नसतं.

"ही बाई बरी दिसते," कुंदा म्हणाली. "हिलाच धरा."

त्या मिस वॉर्ड. त्यांच्या अटीत उत्तरासाठी टपालखर्च जोडायचा होता. आपली तिकिटं तिकडे चालत नाहीत, म्हणून पोस्टात आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन मिळतं, असं मार्गदर्शिकेत होतं. पोस्टातले बाबू म्हणाले, "मैडम, चीज़ होती है. सुना है. देखी नहीं." तीन चकरांनंतर ती कूपनं एका कपाटात, जनगणनेच्या फॉर्मखाली सापडली. बाबूंनाच माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. त्यांनी शेजारच्या खिडकीवाल्याला बोलावून दाखवली.

तीन प्रकरणं, शेवट सांगणारा गोषवारा, एक पानाचं पत्र आणि कूपनं गेली. पत्रात मी टावर चौकातल्या एसटीडी बूथचा फॅक्स नंबर दिला होता. दीड महिना गेला. मग एका दुपारी बूथचे पाटीदारजी चप्पल न घालता धावत आले.

"मैडम! लंदन से कागज निकला है! आधा निकला, आधा मशीन में फँसा है, आप आ जाओ!"

मी पोचेपर्यंत रांगेतल्या सहा जणांनी तो वाचला होता आणि एकाने अर्थ सांगितला होता की कुणीतरी गुड्डी नावाची मुलगी लंडनला जाणार आहे. मिस वॉर्डनी लिहिलं होतं: गुड्डीच्या तोंडचं प्रत्येक वाक्य ऐकू येतं. संपूर्ण हस्तलिखित ताबडतोब पाठवा.

कुंदाने बूथवर सगळ्यांना कचोरी खिलवली. अनोळखी माणसांनासुद्धा.

आता माझं पाप.

उरलेली अकरा प्रकरणं मला पाच आठवड्यांत इंग्रजीत करायची होती. त्याच पाच आठवड्यांत तुमची आई माझ्याशी बोलत नव्हती. सई तेव्हा वीस वर्षांची. मी तिच्यासाठी इंदूरला इंग्रजीच्या एम.ए.ची व्यवस्था केली होती, फॉर्मसुद्धा माझ्या टाइपरायटरवर भरून ठेवला होता. तिने मला न विचारता पुण्याच्या एका जाहिरातीच्या कोर्सला प्रवेश घेतला. मी जे बोलायचं ते बोलले. ती म्हणाली, "आई, मी तुझ्याकडे आलेला अर्ज नाहीये, तू नीट करून द्यायला." त्यानंतर घरात निरोप आजोबांमार्फत जाऊ लागले. "बाबा, आईला सांगा, मला पोळी नको." बाबा ताटाच्या पलीकडून मला सांगत, "तिला पोळी नको." एवढ्यासाठी ते बँकेतून लवकर घरी येत नसत, हे मला पुढे कळलं.

अशा मनःस्थितीत मी शेवटच्या पानावर पोचले. तिथे गुड्डी दोन वर्षांनी घरी परत येते. स्वतः कोरलेल्या ठप्प्याने छापलेलं कापड बापापुढे ठेवते. कुणी काही बोलत नाही. कुंदाचं शेवटचं वाक्य होतं: 'बापाने कापड उलटून पाहिलं.'

झालं. वही संपली. मी पुढचं पान उलटलं, तिथे तिच्या शाळेच्या हजेरीची बेरीज होती.

मला वाटलं, हा काय शेवट झाला? बापाला बोलली, घर सोडलं, त्याचं काहीच नाही? तिकडचे लोक म्हणतील, यांच्याकडे मुलांना वळण लावत नाहीत. कुंदाने शेवट बदलायला नकार दिला होता हे मला पुरतं ठाऊक होतं. पण मी शेवट बदलत नव्हते ना, फक्त पूर्ण करत होते. इतकी वर्षं मी हेच करत आले होते. लोक अर्धवट बोलतात, मी नीट करते. मी चार ओळी टाइप केल्या. गुड्डी वाकून बापाच्या पाया पडली. म्हणाली, माझं चुकलं, बाबा. बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. दोघांचे डोळे भरून आले.

खरं सांगायचं तर तिसरेही दोन डोळे भरून आले होते, टाइपरायटरमागचे. आतल्या खोलीत सई कपडे भरत होती, आणि तिच्या बॅगेच्या चेनचा आवाज मला ऐकू येत होता.

कुंदाला मी काही सांगितलं नाही. तिचं इंग्रजी फलाटाच्या नंबरापुरतं, असं तीच म्हणायची. तिने टाइप केलेल्या गठ्ठ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काय सुरेख दिसते हो माझी पोरगी."

सई पुण्याला गेली. हस्तलिखित लंडनला गेलं. तीन महिन्यांनी मिस वॉर्डचं पत्र आलं, दोन पानी. मी दारातच फोडलं.

त्यांनी लिहिलं होतं, की पहिल्या पानापासून ही मुलगी मी डोळ्यांसमोर पाहत होते. बापाने कापड उलटलं तिथे मी श्वास रोखला. त्याचा नेमका अर्थ मला माहीत नाही, पण काहीतरी फार मोठं घडलं हे कळलं. आणि त्यानंतरच्या चार ओळींत ती मुलगी नाहीशी झाली. तिथे कुणी दुसरंच बोलू लागलं. ज्या लेखिकेला स्वतःच्या नायिकेवर शेवटपर्यंत विश्वास ठेवता येत नाही, तिचं पुस्तक मी कुणापुढे ठेवू? क्षमस्व.

ईशा, तुला नकार येतील तेव्हा ते तुझे असतील. हा नकार माझा होता आणि कुंदाच्या नावावर आला होता.

आठवडाभर मी तो फाइलमध्ये ठेवला. माझ्या फाइली फार व्यवस्थित असतात, लपवायलाही उपयोगी पडतात. कुंदा आली तेव्हा म्हटलं, "नाही म्हणाल्या. त्यांच्याकडे जागा नाही."

"पत्र दाखवा."

दाखवलं. तिने दोन्ही पानं उलटसुलट केली. "एवढं लंबं पत्र, आणि जागा नाही एवढंच? आमचे हेडमास्तर आठ दिवसांची सुट्टी दोन शब्दांत नाकारतात. लेलेबाई, काय लिहिलंय?"

मी चहा ठेवते म्हणाले. ती म्हणाली, चहा नको. मी पाणी आणते म्हणाले. ती म्हणाली, बसा. शाळेतल्या आवाजात. मी बसले आणि सगळं सांगितलं. त्या चार ओळी मराठीत वाचूनही दाखवल्या.

तिने पत्र टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे, कापड उलटून बघणं काय असतं?"

"नाही."

"भैरवगढला कुणालाही विचारा. शिकाऊ पोराचं कापड उस्ताद वरून बघतो, बरं-वाईट बोलतो, बाजूला टाकतो. उलटत नाही. रंग आरपार गेला की नाही, ते फक्त कारीगराच्या कापडाचं बघतात. उलटून बघितलं म्हणजे बोलला, की तू कारीगर. बापाने पोरीला कारीगर मानलं, लेलेबाई. याच्यापुढे त्याने काय बोलायचं होतं? आणि तिने कशाची माफी मागायची होती?"

फ्रीगंजपासून भैरवगढ सायकलने पाऊण तास. मी तिथली चादर अंथरून पंचवीस वर्षं झोपत होते. तिची उलटी बाजू मी धुताना सोडून कधी पाहिली नव्हती. मी म्हटलं, "कुंदा, तू मला आधी सांगायचं होतंस."

"तुम्ही विचारायचं होतं."

आणि मग ती उठली आणि खोलीत फेऱ्या घालू लागली. "मी सोळा वर्षांची असताना घर सोडलं. देवासला मावशीकडे. शिकायचं होतं म्हणून. बाबा अकरा वर्षं बोलले नाहीत. आई, काका, आत्या, झाडून सगळे हेच, की कुंदे, माफी माग, एक शब्द तर आहे. नाही मागितली. बाबा गेले तरी नाही मागितली. आणि तुम्ही चार ओळींत मागून मोकळ्या! तेही इंग्रजीत!"

मला रडू आलं. ती म्हणाली, "रडू नका, त्याने काही होत नाही. कागद लावा मशीनला."

"काय लिहू?"

"माफी लिहायचा शौक आहे ना? लिहा. ज्याने लिहिली त्यानेच मागावी. त्या बाईला सांगा, की चार ओळी कुणाच्या आहेत."

मी आयुष्यात हजारो पत्रं लिहिली, दुसऱ्यांच्या वतीने. स्वतःच्या वतीने लिहायला बसले तर सुरुवात सुचेना. पहिला खर्डा पाऊण पानाचा झाला: भाषांतरकाराकडून अनवधानाने काही अंश समाविष्ट झाला असावा, वगैरे. कुंदाने तो मराठीत म्हणवून घेतला.

"अनवधानाने?"

"तशी पद्धत असते लिहायची."

"झोपेत टाइप केलं होतं?"

खोडलं. पाचव्या खर्ड्यात पाच वाक्यं उरली. शेवटच्या चार ओळी मी घातल्या. लेखिकेला न विचारता घातल्या. तिने त्या लिहिल्या नव्हत्या आणि कधीही लिहिल्या नसत्या. कापड उलटण्याचा अर्थ मलाही माहीत नव्हता, तो सोबत लिहीत आहे. मी दिलगीर आहे. खाली माझी सही, माझं पूर्ण नाव. त्याबरोबर शेवटचं पान पुन्हा टाइप केलं, 'बापाने कापड उलटून पाहिलं' इथे थांबवलं. माझी बोटं पुढच्या ओळीसाठी आपोआप उचलली गेली होती. मी ती खाली ठेवली.

दोन वर्षांत कुंदाने कधी पाकीट स्वतः टाकायला मागितलं नव्हतं. त्या दिवशी तिने ते माझ्या हातात दिलंच नाही. सायकलच्या कॅरिअरला लावलं, पोस्टात गेली, आणि बाबूने शिक्का मारेपर्यंत खिडकीला उभी राहिली. मी मागे उभी होते. मला तिने परतीचं डबलसीट विचारलं नाही.

पुस्तकाचं पुढे काय झालं, ते सांगून टाकते, म्हणजे तुम्ही शेवटाकडे धावणार नाही. मिस वॉर्डनी दोन वर्षं ते आठ प्रकाशकांना दाखवलं आणि कुणीही घेतलं नाही. एकाने विचारलं, की कथेत एखादा हत्ती आणता येईल का? कुंदाने कळवायला सांगितलं, की हत्ती घालायचं काम लेलेबाई करतात, पण हल्ली त्यांनी सोडलं आहे. शेवटी मूळ मराठी कादंबरी इंदूरच्या एका छोट्या प्रकाशकाने काढली, शेवट जसाच्या तसा. भैरवगढच्या शाळेच्या कपाटात तिच्या चार प्रती होत्या. कुंदा निवृत्त झाली तेव्हा तीन उरल्या होत्या, त्याही पानं सुटलेल्या. चौथी कुणीतरी पळवली, याचा तिला सगळ्यात जास्त आनंद होता. इंग्रजीत पुस्तक निघालं नाही, ते बाजारामुळे की माझ्यामुळे गेलेल्या त्या महिन्यांमुळे, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. मिस वॉर्ड म्हणाल्या, बाजारामुळे. त्या सभ्य बाई होत्या.

पण मला सांगायचं आहे ते माफीपत्राच्या उत्तराबद्दल.

ते दिवाळीच्या सुट्टीत आलं. सई पुण्याहून आली होती आणि आजोबांमार्फत बोलणं जिथे थांबलं होतं, तिथूनच पुढे सुरू झालं होतं. कुंदा पाकीट घेऊन बसली. मी हात पुढे केला. ती म्हणाली, "थांबा." आणि आतल्या दिशेने ओरडली, "सई! ये ग बाहेर. तुझ्या कॉलेजात इंग्रजी चालते ना?"

सई दारात आली.

"इथे उभी राहा, आईच्या मागे. ती वाचून मला मराठीत सांगेल. काही घालते का, काही काढते का, बघ. परीक्षेत सुपरवायझर असतो तशी."

"कुंदामावशी, मी कशाला मध्ये?"

"कारण तिच्यावर माझा भरवसा उरला नाही, आणि तुझाही नाही. आपण दोघी एका बाजूला."

माझ्या देखत, माझ्याच खोलीत, माझ्याच खुर्चीमागे माझी मुलगी पहाऱ्याला उभी राहिली. तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता. मी वाचू लागले. एक वाक्य इंग्रजीत, एक मराठीत. मिस वॉर्डनी लिहिलं होतं, की कापडाच्या उलट्या बाजूबद्दल वाचून त्यांनी शेवटचं पान पुन्हा वाचलं आणि नंतर सगळं पुस्तक पुन्हा वाचलं. असा शेवट त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. पुस्तक प्रकाशकांपुढे ठेवायला त्या तयार आहेत, म्हणजे कुंदाबाईंची एजंट व्हायला तयार आहेत. कबूल असल्यास सोबतच्या कागदावर सही करावी.

कुंदाने डोळे मिटले.

"आपली नम्र, वगैरे," मी म्हणाले आणि पत्राची घडी घातली.

"आई."

सव्वापाच महिन्यांनी मला त्या आवाजात तो शब्द ऐकू आला, थेट, आजोबांना वळसा न घालता.

"एक ओळ गाळलीस."

"ते तसं विशेष नाहीये."

सईने माझ्या खांद्यावरून हात घालून पत्र काढून घेतलं, घडी उलगडली, आणि कुंदाकडे बघून स्वच्छ मराठीत वाचलं: "'आपल्या भाषांतरकार बाईंचं इंग्रजी उत्तम आहे. त्यांना माझी विनंती सांगावी, की यापुढे त्यांनी कुणालाही सुधारू नये.'"

कुंदा हसली ती खुर्चीवरून घसरेपर्यंत. सईने आधी ओठ घट्ट धरून पाहिले. मग तीही सुटली. आतून आजोबा काय झालं म्हणून बघायला आले, आणि तुमची आई सवयीने त्यांना म्हणाली, "बाबा, आईला सांगा..." आणि थांबली. माझ्याकडे वळली.

"आई, परत वाचू का ती ओळ?"

"वाच," मी म्हटलं.